अकरा एक्क्यांची संख्या

“मी सांगणार नाही, जयू. आधी स्वतः भागून बघ, आणि मगच तोंड उघड.”

हणमंतराव मास्तर पाटीवरची नजर न काढता हे म्हणायचे. पाटीवर एकापुढे एक अकरा एक्के काढलेले. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. वाचतानाच तोंड गोड व्हावं अशी संख्या. बारा वर्षांची जयवंता विचारायची, “पण अण्णा, हिला कशानं भाग जातो?” आणि अण्णा इतकंच सांगायचे की जातो, मी पाहिलाय, आणि ज्यानं जाईल तो आकडा बावीसच्या पाढ्याच्या एक घर पुढे बसलेला असेल. तेवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट, असा. पुढचं तुझं तू बघ. जयवंतानं आठ दिवस पाटी झिजवली आणि सोडून दिलं. मग लग्न झालं, बरकतपुऱ्यातलं घर झालं, शाळेतली गणिताची नोकरी झाली, निवृत्तीही झाली. अण्णा, तिचे वडील, तर केव्हाच गेले. भाग घालायचा राहिला तो राहिलाच.

आणि पंचेचाळीस वर्षांनी, न भागताच, तिनं तोंड उघडलं. एका पोरीजवळ.

त्या पोरीचं नाव गीता. तिचे वडील संभाजी टेलिफोन खात्यात लाइनमन होते. ते मूळचे परभणीकडचे, पण हैदराबादेत येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. जयवंताबाईंकडे फोन बसवायला आले तेव्हा भिंतीवरचा लहानसा फळा बघून थबकले. बाईंनी शेजारच्या मुलांसाठी त्यावर त्रैराशिक मांडलेलं होतं. वायर तशीच हातात धरून संभाजी म्हणाले, “बाई, आमच्या पोरीला ह्याचं लई वेड आहे. पण तिला पुढं नेणारं कोणी नाही.” दुसऱ्या दिवशी गीता आली. दोन वेण्या, हातात वही, आणि बोलण्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा: “का?” बाईंना आयुष्यभर ज्या विद्यार्थ्याची वाट होती तो असा टेलिफोनच्या वायरीमागून घरात आला.

दोन वर्षं गीता रोज संध्याकाळी येत होती. दहावी झाली, आणि नारायणगुड्याच्या चौकात तो मोठा फलक लागला.

तेव्हा शहरात काय काय नव्यानं येत होतं! रंगीत पेयं, परदेशी घड्याळं, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे वर्ग. आणि सगळ्यांत जोरात कोचिंग सेंटरं. एकेका इमारतीत तीन तीन. नारायणगुड्याचं सेंटर त्यांत सगळ्यांत झगमगीत. ते पुण्याहून आलेल्या सुधीर सरांनी काढलेलं होतं. त्यांच्या फलकावर दुसरं काही नव्हतं, फक्त अकरा एक्के, माणसाच्या उंचीचे. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही प्राईम संख्या आहे, हिला कोणी फोडू शकत नाही, तसंच आमच्या प्राईम बॅचलाही. आमचा प्रत्येक विद्यार्थी पहिला.

गीतानं तो फलक बघून विचारलं, “बाई, खरंच फुटत नाही ती?”

“फुटते,” बाई म्हणाल्या. “माझ्या वडिलांनी सांगितलंय.”

इथंच चुकलं. त्यांनी ‘भागून बघ’ म्हणायला हवं होतं. पण अण्णांची संख्या अशी चौकात दिवे लावून खोटी उभी केलेली बघून त्यांचं मन आधीच उकळलं होतं, आणि उकळलेल्या मनानं माणूस उत्तर आधी देतो.

जूनमध्ये प्राईम बॅचची परीक्षा झाली. फी माफ असलेल्या जागा तीसच, आणि परीक्षेला सातशे मुलं. पेपरात एक प्रश्न असा होता की अकरा एक्क्यांची संख्या अविभाज्य आहे, हे खरं की खोटं? म्हणजे बक्षिसाचाच मार्क, कारण उत्तर तर चौकात टांगलेलं. सहाशे नव्याण्णव मुलांनी ‘खरं’ लिहिलं असावं. गीतानं लिहिलं, ‘खोटं. फुटते.’ एका मार्कानं ती एकतिसावी आली.

जयवंताबाईंनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. शाळेतसुद्धा मुली म्हणायच्या की बाई रागावल्या की त्यांचा आवाज आणखी हळू होतो, तेव्हा पळा. त्या दिवशी सेंटरच्या काउंटरवर त्या इतक्या हळू बोलल्या की तिथल्या सत्यवती नावाच्या मुलीला दोनदा विचारावं लागलं.

“क्या बोल रै आंटी? जरा जोर से बोलो ना.”

“सरांना भेटायचंय. उत्तर चुकीचं आहे तुमचं.”

“हमारा?” सत्यवतीला हसू आलं. “आंटी, वो तो बोर्ड पे है!”

बोर्डवर आहे म्हणजे खरं आहे. झालं. बाईंना वाटलं, पोथीत आहे म्हणून खरं मानणाऱ्यांना हीच मुलं अडाणी म्हणतात ना?

सुधीर सर बाहेर आले. चाळिशीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं तुपात घोळलेलं. वेटिंगमध्ये दहाबारा पालक बसले होते, त्यामुळे त्यांचा आवाज आपोआप सगळ्यांसाठी झाला.

“बोला मावशी. आपल्याच दिसता. काय म्हणताय?”

बाईंनी सांगितलं. गीता आणि संभाजी मागे उभे होते. संभाजींच्या अंगावर खात्याचा खाकी शर्ट होता, कामावरून मधेच आले होते.

“कशानं भाग जातो मग?” सरांनी विचारलं.

बाईंनी मागं गीताकडे बघितलं.

“नाही, सांगा ना. सातानं? तेरानं? आमच्या कॉम्प्युटरनं दहा हजारापर्यंतचा प्रत्येक आकडा लावून पाहिलाय, मावशी. एकानंही जात नाही. तुमच्याकडे काय आहे?”

“माझ्या वडिलांनी...”

“वडिलांनी!” सर पालकांकडे वळले. पालक हसले. हसण्यात वाईट भाव नव्हता म्हणा, लोक हसतात तसे हसले. पण गीतानं मान खाली घातली, आणि ती खाली गेलेली मान बाईंच्या काळजात रुतली. “मावशी, गणितात वडील चालत नाहीत, पुरावा चालतो. असं करा. दिवाळीनंतर आमची दुसरी टर्म सुरू होते. दिवाळीच्या आत भाग घालून आणा. ह्या सगळ्यांच्या समोर सांगतो, सीट तुमच्या गीताची. शब्द आहे माझा.”

म्हणजे कधीच नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. सगळ्यांना कळलं.

बाहेर आल्यावर संभाजी म्हणाले, “जाऊ द्या बाई. सरकारी कॉलेज आहे ना. परेशान नक्को होऊ.” पण ते असं म्हणताना त्यांनी पोरीच्या डोक्यावर ठेवलेला हात काही काढला नाही.

त्या वाटभर बाईंच्या मनात सरांचा राग होता, पण त्याच्या तळाशी स्वतःचा होता. तो माणूस मुजोर खरा, पण एक गोष्ट बरोबर बोलला होता. पुरावा कुठं होता? पोरीच्या हातात त्यांनी एक ऐकीव वाक्य देऊन तिला परीक्षेला पाठवलं होतं. फलकावरून उत्तर उचलणारी ती मुलं आणि आपण, फरक तो काय?

आठवड्यावर आषाढी एकादशी होती. चातुर्मासात जयवंताबाई दरवर्षी काहीतरी नेम धरायच्या. कधी मीठ सोडलं, कधी रोज एक अध्याय, एका वर्षी तर पलंग सोडला होता. ह्या वर्षी एकादशीला देवापुढं तांदळाची मूठ ठेवून त्यांनी मनात म्हटलं, रोज पाच भागाकार. स्नान, पूजा, विष्णुसहस्रनाम, आणि मग पाच. ते झाल्याशिवाय चहा नाही. कार्तिकीपर्यंत खंड नाही.

अण्णांची खूण होती, म्हणून बरं. बावीसच्या पाढ्यात एक मिळवत जायचं. त्यातून शेवटी पाच येणारे आणि तिनानं भाग जाणारे आकडे गाळायचे, कारण अकरा एक्क्यांना ना पाचानं भाग जातो ना तिनानं. पहिल्या दिवशी तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे तेहेतीस, एकशे नव्याण्णव. प्रत्येकाखाली बाकी उरली.

गीता संध्याकाळी वही बघायला आली आणि नाक उडवून म्हणाली, “बाई, एकशे तेहेतीस म्हणजे साती एकोणीस. सातानं जात नाही, तर ह्यानं कुठून जाणार? वाया गेला हा.”

“नेमात वाया काही जात नसतं,” बाई म्हणाल्या. मग स्वतःच ओशाळल्या. “पण बरोबर आहे तुझं. पुढच्या वेळी आधी बोलायचं.”

“पण रोज पाचच का? पन्नास करू ना! मी करते पन्नास.”

“तू तुझा अभ्यास कर. बोललेला आकडा मधेच बदलला की तो नेम राहत नाही.”

गीता बोटांवर मोजायला लागली. “बाई, वर्गमूळ घेतलं तर एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत जावं लागेल. रोज पाच म्हणजे पाचशे दिवसांच्या वर! दिवाळीला तर चारसुद्धा महिने नाहीत.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“मग काय? तो आकडा आपली वाट बघत कुठं बसलाय ते तुला माहीत आहे का? मलाही नाही. त्याला जवळ आणणं माझ्या हातात नाही, चालणं आहे.”

त्यांचा मुलगा पुष्कर कुकटपल्लीला राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये होता. रविवारी आला की वही बघून कपाळाला हात लावायचा. “आई, हे दोन सेकंदांचं काम आहे गं! मी प्रोग्रॅम लिहून देतो.” बाईंनी नाही म्हटलं नव्हतं. त्यांना भाग हवा होता, भागाकाराचा हट्ट नव्हता. नेम आपल्या जागी, पोरीची सीट आपल्या जागी. पण पुष्करच्या कंपनीत तेव्हा सन दोन हजारचं काम जोरात होतं. साऱ्या जगातल्या कॉम्प्युटरांना नवं शतक कळणार नाही म्हणे. श्रावणात तो म्हणाला दोन सेकंदांचं काम आहे. गणपतीत आरतीचं तबक हातात घेऊन म्हणाला दोन सेकंदांचं काम आहे. नवरात्रात त्याला अमेरिकेला पाठवलं, आणि तिथून फोनवर म्हणाला, “आई, ते तुझं दोन सेकंदांचं राहिलं बघ.”

“राहू दे रे,” बाई म्हणाल्या. “माझं रोज पाऊण तासाचं आहे. ते होतंय.”

पाऊण तासाचं आता दीड तासाचं झालं होतं. आकडे पाच अंकी झाले होते. एका भागाकाराला पान लागायचं. श्रावणी सोमवारी उपाशीपोटी एकदा हातचा चुकला, तर सबंध भागाकार खोडून पुन्हा केला. ताप आला तेव्हा गीतानं वही धरली आणि बाईंनी डोळे मिटून तोंडी आकडे सांगितले. पितृपंधरवड्यात अण्णांच्या तिथीला पान वाढून झालं आणि मग पाच भागाकार, आणि त्या दिवशी त्यांना देवाचा नव्हे, अण्णांचाच राग आला. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? एक आकडा! एवढ्याशा पोरीला पंचेचाळीस वर्षांचं ओझं देऊन गेलात.

चौकातला फलक रोज दिसायचा. भाजी आणायला गेलं की तो दिसायचाच. दसऱ्याला त्याला नवे दिवे लावले. ऑटोरिक्षांच्या पाठीवरसुद्धा आता अकरा एक्के आले होते. बाईंच्या शेजारणीनं एकदा कौतुकानं म्हटलं, “किती शुभ आकडा शोधलाय ना?” बाईंनी भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. शुभ! ज्याच्यापायी एका लेकराचं खरं उत्तर खोटं ठरलं, तो आकडा शुभ कसा? आकड्याचा दोष नव्हता, तो बिचारा अण्णांच्या पाटीवर होता तसाच होता. त्याला टांगणाऱ्यांचा दोष होता.

वसुबारस उजाडली. नेमाचा एकशे पाचवा दिवस. चार भागाकार झाले, चारही बाकी ठेवून गेले. पाचवा आकडा होता एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. बाईंनी मांडला. पाचनं घेतला, मग एकानं, मग तीन, मग दोन, मग तीन. बाकी उरली एकोणीस हजार चारशे चौऱ्याऐंशी. वरचा शेवटचा एक्का खाली उतरवला, तर झाले एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एकेचाळीस. नवानं गुणून बघितलं. नव नवे एक्क्याऐंशी, एक खाली, हातचे आठ. नव चोक छत्तीस आणि आठ, चव्वेचाळीस.

एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एकेचाळीस.

वर तेच, खाली तेच.

बाईंनी खाली शून्य लिहिलं नाही. आधी सगळं उलट गुणून पाहिलं. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. ओळीखाली ओळ, बेरीज, आणि उजवीकडून डावीकडं एक्के उमटत गेले. एक, एक, एक. अकराही एक्के त्यांनी बोट ठेवून मोजले. मग त्यांनी वर जाऊन शून्य लिहिलं आणि वही देवासमोर ठेवून नमस्कार केला.

गीता धावत आली. वही बघितली, स्वतः पुन्हा गुणून बघितली. शाब्बास पोरी, बाईंनी मनात म्हटलं. मग तिनं डोळे बारीक केले. “बाई, हे दोघे आता पुढं फुटणार नाहीत. मोठ्याचं वर्गमूळ सातशे सोळा. तिथपर्यंतचे सगळे आपण पहिल्याच आठवड्यात लावून पाहिलेत. खरे प्राईम हे दोघे आहेत!”

“मग चल,” बाई म्हणाल्या. “तुझ्या बाबांना फोन लाव.”

अकरा वाजता तिघं सेंटरमध्ये उभी होती. सत्यवतीनं ह्या वेळी हसण्याआधी वही बघितली, मग टेबलावरचा मोठा कॅल्क्युलेटर ओढला. एकदा गुणलं. पडद्याकडे बघितलं. पुन्हा गुणलं. “अय्यो,” एवढंच म्हणाली आणि आत पळाली.

सुधीर सरांनी ह्या वेळी तिघांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. वही उलटली, पालटली. कॅल्क्युलेटर त्यांनीही दाबला.

“हातानं केलंत?”

“हो.”

“कमाल आहे मावशी तुमची. खरंच. हॅट्स ऑफ.”

“तुम्ही दहा हजारावर थांबलात,” बाई हळूच म्हणाल्या. “तो एकवीस हजारांत बसला होता. फलकावर प्राईमच लावायची असेल तर ह्या दोघींतली कोणतीही लावा. दोघी अस्सल आहेत. आम्ही तपासल्यात.”

सर हसले, पण ओठांनीच. “फलक आता शहरात बेचाळीस आहेत, मावशी. विजयवाड्यालाही जाणार आहेत. तुम्ही म्हणताय ते ठीक आहे, पण लोक काय भागाकार करायला बसलेत? एक लक्षात राहणारं चिन्ह आहे ते, बस्.”

“आणि गीताचा मार्क?”

“त्याचंच सांगतो.” त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला, सत्यवतीला बोलावून दोन ओळी टाईप करून आणायला सांगितल्या, आणि आलेला कागद संभाजींच्या पुढं सरकवला. “मी शब्दाचा पक्का आहे. सीट देतो. दिवाळीनंतर बसू दे वर्गात. फक्त ही सही.”

कागद इंग्रजीत होता. संभाजींनी तो गीताकडे दिला. “वाच. मराठीत सांग.”

गीता वाचत गेली. “मी, गीता संभाजी... परीक्षेतलं माझं उत्तर चुकीचं होतं हे मला मान्य आहे. संस्थेनं माझ्या घरची परिस्थिती बघून... कृपा म्हणून मला जागा दिली, त्याबद्दल आभारी आहे. ह्या विषयावर मी किंवा माझ्या शिक्षिका बाहेर कुठं...” ती थांबली. “बाहेर कुठं बोलणार नाही.”

जयवंताबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एकशे पाच दिवस! त्यांना वाटलं, त्या कागदाचे इतके तुकडे करावे की मोजायला सातशे पोरं लागावीत. पण सीट गीताची होती, आणि सही संभाजींची. सरकारी कॉलेजात गणिताला गेली दोन वर्षं मास्तरच नव्हता, हेही त्यांना ठाऊक होतं. नको म्हणायला त्यांचं काय जाणार होतं? गीतानं त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा त्यांनी कसलीच खूण केली नाही.

संभाजींनी पेन उचललं. ते नुसतंच बोटांत फिरवलं.

“साहेब, तिचं उत्तर चुकलेलं आहे का?”

“नाही, म्हणजे... टेक्निकली...”

“तुमच्याच मशीनवर बघितलं ना आत्ता?”

“हो, पण...”

“मग चुकलं कशापायी लिहायचं?” संभाजींचा आवाज साधा होता, खांबावर चढून खालच्या माणसाकडं वायर मागावी तसा. “आणि ही परिस्थिती कुठून आली मधेच? मी तुमच्याकडं परिस्थिती घेऊन आलो नव्हतो. पोरीची उत्तरपत्रिका घेऊन आलो होतो.”

“अहो, तुम्ही भावनेच्या भरात...”

“नाही साहेब. माझा बाप कृपेवर जगला. दुसऱ्याच्या दारात, वरून टाकलेलं झेलत. मी नाही जगलो, आणि ही तर जगणारच नाही.” त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं, सरळ, पट्टीनं मोजल्यासारखं. “मार्क द्यायचा तर मार्क द्या. एकतिसावीची तिसावी होते ती आपोआप. ते जमत नसेल तर राहू द्या. चल गं.”

गीता उठली. तिचे डोळे भरले होते, पण ती मान खाली घालून नव्हे, समोर बघत बाहेर पडली.

जयवंताबाई मागे राहिल्या. वही उचलली, पदराखाली धरली. सुधीर सर म्हणाले, “मावशी, तुम्ही तरी समजवा त्यांना. पोरीचं नुकसान आहे. तुम्ही धार्मिक बाई दिसता, विचार करा.”

“धार्मिक आहे म्हणूनच सांगते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका हळू झाला की सरांना पुढं वाकावं लागलं. “सगळ्यांच्या समोर दिलेला शब्द तुम्ही दार लावून फिरवलात. मुलं शिकायला येतात तुमच्याकडे. त्यांना खोटं खरं म्हणून घोकायला लावता, आणि जिनं खरं लिहिलं तिच्याकडून माफी लिहून घेता. ह्याला आमच्यात पाप म्हणतात. तुमच्यात काय म्हणतात ते मला माहीत नाही.”

त्यांनी दार उघडलं, आणि उघडंच ठेवलं.

बाहेर मधल्या सुट्टीत प्राईम बॅचची मुलं जिन्यात उभी होती. सत्यवतीच्या तोंडून बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असणार, कारण सगळी एकदम ह्यांच्याकडे वळली. चष्म्याची एक मुलगी पुढं आली. ती आणि गीता परीक्षेला शेजारच्या बाकांवर होत्या, असं गीतानं नंतर सांगितलं.

“आंटी, वो नंबर टूटता क्या? सच्ची में?”

“हौ,” बाई म्हणाल्या. “टूटता.”

“किससे?”

बाईंच्या ओठांवर आकडा आला होता. सांगितला असता तर दोन शब्दांत काम झालं असतं, आणि ही पोरं तोही घोकून मोकळी झाली असती, आज फलकावरचा, उद्या म्हातारीचा. त्यांनी तो गिळला.

“बोलती नहीं. दिखाती. कल सुबह क्लास के पहले, आठ बजे. सामने के बंद दुकान के चबूतरे पे. तुम लोग खुद भाग करना, मैं बाजू में बैठूंगी.”

“कल आप आएंगे? पक्का?” मागून एका मुलानं विचारलं. “बोर्ड के सामने?”

“पक्का.”

वॉचमननं शिट्टी फुंकली. मुलं वर्गात गेली, पण चष्म्याची मुलगी जिन्यातून दोनदा वळून बघत गेली.

रस्त्यावर संभाजी सायकलला टेकून उभे होते. गीता त्यांच्या शेजारी. बाई जवळ आल्या तसे ते म्हणाले, “बाई, तुमची एवढी मेहनत मी पाण्यात घातली. रागावलात?”

“रागावलेय,” बाई म्हणाल्या. “पण तुमच्यावर नाही. तुम्ही सही केली असती तर मी बोलले नसते, पण वही फाडून टाकली असती.” मग गीताकडे वळल्या. “सरकारी कॉलेजात नाव आहे, तिथंच राहा. मास्तर नसेल तर नसेल. संध्याकाळी मी आहे.”

“बाबा, मी उद्या बाईंबरोबर येऊ चबूतऱ्यावर?” गीतानं विचारलं.

संभाजींनी फलकाकडे एकदा बघितलं. “जा. पण तू भाग घालू नको. त्यांना घालू दे. तुझा झालाय.”

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. घराघरांतून उटण्याचा वास येत होता. जयवंताबाई नेहमीपेक्षा तासभर आधी उठल्या. स्नान झालं, पूजा झाली, सहस्रनाम झालं. नेम कार्तिकीपर्यंतचा होता, म्हणून पुढचे पाच आकडेही त्यांनी मांडले, पाचही बाकी ठेवून गेले. मग त्यांनी भिंतीवरचा लहान फळा खिळ्यावरून उतरवला. तो ओल्या फडक्यानं पुसला, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधला. खडूची अख्खी पेटी पिशवीत टाकली, कारण मुलं तीस होती आणि प्रत्येकाचा हात लागायला हवा होता. वही कपाटात ठेवून कपाटाला कडी घातली. ती आज न्यायची नव्हती.

सव्वासात झाले होते. फळा काखेत, पिशवी हातात, त्यांनी चपला चढवल्या, दार ओढून घेतलं आणि वाटेत गीताला बरोबर घ्यायचं म्हणून, नारायणगुड्याच्या दिशेनं चालायला लागल्या.